बांडी

गाडीचं शेपूट छाटायचं, एवढंच खरं तर बॉबरचं शास्त्र.
मागचा मडगार्ड अर्धा, पुढचा मुळीच नाही,
मागचे शॉकॲब्सॉर्बर गेले, सीट एकटीपुरती.
गुन्वाल्दिस म्हणतो, जे काढूनही गाडी पळते
ते गाडीचं नव्हतंच कधी.
तो वेल्डर आहे. त्याला बोलायला काय.

कुल्दीगाच्या कडेला गॅरेजांची रांग, पत्र्याची दारं,
आमचं सत्तावीस नंबरचं.
दिवसा मी शाळेची बस चालवते,
संध्याकाळी इथे: कोपऱ्यात हीटर, बोटं कापलेले हातमोजे,
आणि विटांवर चढवलेली वडलांची इझ प्लॅनेटा,
एकाच सिलेंडरची, तिरसट,
किक आणि गिअर एकाच दांडीत.
उभी धरली की किक, आडवी पाडली की गिअर.
वडलांचंही तसंच, एकाच आवाजात हाक आणि शिवी.

मागच्या कॅरिअरला बादली बांधून ते जंगलात अळंबी आणायला जायचे.
जाताना बादली खडखडायची,
येताना गप्प.
कॅरिअर पहिल्याच रात्री निघालं. चार बोल्ट, तिसऱ्याने रडवलं.

मग रंग खरवडला.
वरचा निळा माझ्या ओळखीचा,
त्याखाली हिरवा, कुंपणाला लावतात तो,
त्याखाली कारखान्याचा, पिकल्या चेरीचा,
आणि सीटखालच्या नळीवर, डाव्या अंगाला,
लांबी भरून घासलेली बोटभर जागा.
माझे वडील लांबी भरत नसत.
लांबी म्हणजे थाप, म्हणायचे. पोचा पडला तर पडला.

ग्राइंडर लावला, तर आत वेल्डिंग:
कबुतर शिटल्यासारखं, थेंब थेंब, घाईचं,
बहुतेक रात्री केलेलं.
नळी इथे पार मोडली होती
आणि माझी खडूची खूण नेमकी इथेच.

रविवारी आई आली काठी टेकत,
बिटाच्या सूपचा डबा टॉवेलात गुंडाळून.
तिचा डावा पाय आखूड पडतो,
मी चार वर्षांची होते तेव्हापासून.
पंपापाशी बर्फावरून घसरली:
घरात असंच सांगायचे,
दवाखान्याच्या कागदांवर मीही हेच लिहीत आले.

तिने चष्मा पुसला. वाकली.
नळीवरून अंगठा फिरवला,
पाव आतून भाजलाय का बघतात, तसा.
"असं होय. इथे मोडली होती तर."

माझ्या हातातला पाना हातातच.
"प्यायलेले होते?"
"कोण, वोल्देमार्स? तो मागे बसला होता, ओरडत.
चालवत मी होते गं."
आणि हसायला लागली, अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई,
हीटरला हात शेकत.
वळणावर खडी होती. लायसन नव्हतं.
आणि सासूबाईंना काय सांगणार होतो,
सून मोटारसायकलवरून पडली म्हणून?
"पंप त्याला सुचला. लगेच सुचला. मला वाटलं होतं
त्याला खोटं बोलताच येत नाही."

सूप निवलं. आम्ही तसंच प्यायलो.
मग तिने विचारलं, "मागची सीट कुठाय?"
"हिला नसते. एकाच माणसाची गाडी."
जरा थांबून म्हणाली, "बरंय.
मागे बसून ओरडणारं कोणी नको."

नळी कापली. वीतभर तुकडा बर्फात टाकला, चर्र झालं,
थंड झाल्यावर तिने कोटाच्या खिशात घातला.
आता तिच्या स्वयंपाकघराची खिडकी
वाऱ्याने आपटू नये म्हणून तो फटीत असतो.

एप्रिलमध्ये वेंता नदी मोकळी झाली. रंग अजून व्हायचाय.
किक डाव्या पायाची, ती मी मारून देईन.
सीट ठरल्यापेक्षा दोन इंच खाली घेतली,
डावीकडे थोडी जास्तच.
गुन्वाल्दिसने फूटपट्टी लावून विचारलं, हे काय?
दिसायला बरी वाटते, म्हटलं.
एवढी लांबी मलाही भरता येते.